कुणाचं कुणाशी काही हाय का?

उमरी, जि. नांदेड
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई एस्तेरबाईंना उमरीहून नागुबाईचा सलाम.

तब्येत विचारायचा रिवाज हाय म्हणून विचारते. तुमची चांगलीच असणार. जल्मभर दवाखान्यात सिस्टर होत्या तुम्ही, आजार तुमाला भेऊन असतो. हिकडं बाळंतीण मनिषा आन बाळ खुशाल हायत.

हे पत्र मी तुमची माफी मागायला लिहून राहिले. फोनवरच मागणार होते, पण मागच्या टायमाला मी हॅलो म्हणले आन तुम्ही "कोण?" म्हणल्या. लेकीच्या सासूनं "कोण" म्हणावं? मी ठेवला फोन. तेव्हा आमचे पाळक रेवणसिद्ध म्हणले, नागुबाई, पत्र लिहा, पत्रात दोघींपैकी कुणालाच मधी तोंड घालता येत न्हाई.

आता माफी का, तर आमची रीत सांगते. तुमाला ठाऊक असायचं कारण न्हाई, आमच्या उपासनेच्या पत्र्याच्या शेडापत्तर यायला तुमच्या सँडलला कधी जमलं न्हाई. आमच्यात दर रविवारी प्रभुभोजनाला समद्यांनी वाटून खायची भाकरी ताटात झाकून ठेवतेत. मोडायच्या आधी पाळक एकच विचारतेत, "कुणाचं कुणाशी काही हाय का?" कुणी हाव म्हणलं की भाकरी तशीच झाकलेली राहती. त्यानं उठायचं, ज्याच्याशी बिनसलं त्याच्याकडं जायचं, मिटवायचं, मग यायचं. शास्त्रातच हाय, दान वेदीपाशी ठेव आन आधी जाऊन भावाशी समेट कर. आमच्यातल्या शिवमूर्तीचं एकदा मटणवाल्याशी हाडकावरून वाजलं होतं. तो मटणवाल्याला शेडाच्या दारात घेऊन येईपत्तर आम्ही समदे दुपारपत्तर उपाशी बसलो होतो. एकाचं अडलं की सगळ्याचं अडतं.

तर काल भाकरी मोडली न्हाई. माझ्यामुळं. माझं तुमच्याशी हाय, हे भर शेडात निघालं. कुणी काढलं ते विचारू नका.

आन माझी फजिती म्हंजे शेड उभं राहिल्यापसून ती भाकरी मीच थापते. वर आमचे हे. व्यंकटी जिनिंगात हमाली करतेत ते तुमाला ठाऊकच हाय. मला शेडाच्या दारापत्तर सोडायचे आन समोरच्या हाटेलात चहा पीत बसायचे. आता कुठं कबूल झालेत. ईस्टरला बाप्तिस्मा घेतो, पहिली भाकरी खातो म्हणले. काल घरी येऊन पोट धरून हसले. म्हणले, "तुझ्या देवाच्या दाराला कुलूप हाय, आन किल्ली लातूरच्या बाईकडं हाय!"

म्हणून माफी मागते. कशाची, ते तुम्ही लिहून कळवा. यादी लांब असल तर मोठं पाकीट वापरा.

तुमची,
नागुबाई


लातूर
३ मार्च २०२५

सौ. नागुबाई विहीणबाई यांस सलाम.

आपले माफीचे पत्र पोचले. दोनदा वाचले, माफी सापडली नाही. उद्या दुसरा चष्मा लावून बघते.

मुळात माझे कुणाशी भांडण नाही. आमची चर्चची मंडळी तीन पिढ्यांची आहे. आमच्यात भांडणे होत नाहीत, पंचकमिटीचे ठराव होतात. तुमच्या रेवणसिद्ध पाळकांचा प्रश्न ऐकून मला मात्र हसू आले. उपासना म्हणजे काय ग्रामसभा आहे? आमच्याकडे उपासनेची छापील पुस्तिका आहे. कधी उभे राहायचे, कधी बसायचे, आमेन कुठे म्हणायचे, सगळे ठरलेले. चांदीचा प्याला आहे. द्राक्षारस आम्ही काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळून करतो. तुमच्याकडे भाकरीसोबत काय असते? ठेचा?

राग मानू नका, पण देव काहीही आणून ठेवले तर घेत नसतो. बायबलातल्या काइनाने शेतातले पीकच आणले होते. देवाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. शाळूची भाकरी थापताना एवढे लक्षात ठेवावे.

आता मुद्द्याचे. सव्वा महिना होऊन गेला, बाळ अडीच महिन्यांचे होत आले. माहेरपण किती करायचे याला काही माप? वीस एप्रिलला, ईस्टरच्या उपासनेत, नातवाचा बाप्तिस्मा ठरवला आहे. पांढरा झगा शिवून तयार आहे, केकचे सांगून ठेवले आहे. प्रीतम पुढच्या आठवड्यात मनिषाला न्यायला येतो. या खेपेला त्याला चहा पाजून परत पाठवू नका. लोकाचा नातू घरात ठेवून घेऊन वर माफी मागायची, हे मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिले नव्हते, आणि मी प्रसूतीच्या वॉर्डात होते.

आपली,
एस्तेर चक्रनारायण


उमरी
१० मार्च २०२५

विहीणबाईंना सलाम.

हे दुसरं माफीपत्र. पाळक म्हणले पहिल्यात मीठ जास्त झालं होतं.

काइनाचं तुम्ही बरं काढलं. पुढचं पान पलटायला विसरल्या वाटतं. त्यानं भावाला रानात नेऊन जिवे मारलं ते बी लिहिलंय की! देवाचं जवारीशी वाकडं न्हवतं, काइनाच्या पोटात जे होतं त्याच्याशी होतं. आन ठेचा न्हाई, मनुकाचंच पाणी असतं आमच्यात बी. फक्त प्याला स्टीलचा हाय.

भांडण न्हाई म्हणता. मग आता ऐकाच, मी बी लई दिवस गिळून बसले.

आक्टोबरात मनिषाच्या डोहाळजेवणाला आले तेव्हा तुम्हीच म्हणल्या, रविवार करून जा. मी लेकीनं घेतलेली मोरपंखी साडी नेसले. चपला बाहेर काढल्या. तुमच्यात समदे बूट घालून वेदीपत्तर जातेत, मी एकटी अनवाणी. प्रभुभोजनाच्या रांगेत तुमच्या मागं उभी राहिले, कठड्यापाशी गुडघे टेकले, हात पसरला. तर ते तुमचे शमुवेल मास्तर येऊन कानात म्हणले, "बाई, तुमची इथं नोंद नाही, जागेवर बसा." कानात म्हणले पण तिसऱ्या बाकापत्तर ऐकू गेलं. मी तुमच्याकडं बघितलं. एक शब्द बोलल्या असत्या, "माझी विहीण हाय, घेऊ द्या," तर झालं असतं. तुम्ही भिंतीवरच्या फळीकडं बघत होत्या. इतकं काय लिहिलं होतं हो त्या फळीवर?

तो पसरलेला हात तसाच घेऊन मी समद्या बाकांमधून मागं गेले. मनिषानं बघितलं. सातवा महिना होता तिला. तिनं बी त्या दिवशी खाल्लं न्हाई, पोट दुखतंय म्हणाली. पोट न्हवतं दुखत.

आन हाव, बाळ मी ठेवून घेतलंय. जावई एकदा आले तेव्हा थंडी लई हाय म्हणलं, दुसऱ्यांदा ऊन लई हाय म्हणलं. परवा आले तेव्हा काय म्हणावं कळंना, मराठवाड्यात तिसरा ऋतू असता तर त्याचं नाव घेतलं असतं. तुम्ही मला देवाच्या दारातून माघारी लावलं, मी तुमाला नातवाच्या.

काल बी भाकरी मोडली न्हाई. ईश्वरप्पाची म्हातारी जाताना म्हणली, "नागुबाई, तुझ्या विहिणीपायी आमचा उपास." आता शेजारच्या बाया पापड लाटायला बी बोलवंनात.

माफ करा. केलं का?

नागुबाई


लातूर
१८ मार्च २०२५

सौ. नागुबाई यांस सलाम.

शमुवेल मास्तरांनी केले ते नियमानेच केले. आमच्या मंडळीचा नियम आहे, नोंद असलेल्या सभासदाने किंवा पाळकाची चिठ्ठी आणलेल्या पाहुण्याने घ्यावे. तुमच्याकडे चिठ्ठी नव्हती. रेल्वेत तिकीट विचारले तर कुणी पाच महिने रुसून बसत नाही.

आणि आमची शिस्त काय असते ते सांगते, म्हणजे तुम्हाला शिकता येईल. शमुवेल मास्तर आणि थोमासराव हे दोघे पंच. पंख्यांच्या खरेदीवरून त्यांचे बिनसले, त्याला अकरा वर्षे झाली. एकमेकांशी अवाक्षर नाही. पण म्हणून उपासनेत कधी खंड पडला? दर रविवारी डावीकडे मास्तर, उजवीकडे थोमासराव, दानाची थाळी घेऊन पावलाला पाऊल जुळवून वेदीपाशी येतात. पाहणाऱ्याला वाटावे, सख्खे भाऊ. तुमच्या पाळकांनी आमच्याकडे येऊन तो प्रश्न विचारला, तर आम्हाला प्रभुभोजन मिळेपर्यंत तुमचा नातू पेन्शनीला लागेल!

एक गोष्ट प्रीतमकडून कळली. तुमच्या शेडात उभे राहून "आईचं माझ्या सासूशी आहे" असे सांगणारी दुसरी कुणी नाही, खुद्द मनिषा होती. कुणी काढलं ते विचारू नका म्हणत होतात ते हेच ना? सून मी पारखून आणली होती. तुम्ही तिला जन्म दिलात म्हणून मी आजवर तोंडाने कबूल केले नव्हते इतकेच.

फळीवर गीत सत्त्याऐंशी लिहिले होते. विचारलेत म्हणून सांगितले.

एस्तेर


उमरी
२६ मार्च २०२५

ती. स्व. विहीणबाई यांना सप्रेम सलाम.

माझ्याकडून कळत नकळत आपले मन दुखावले गेले असल्यास मी मनापासून क्षमा मागते. माझ्या मनात आपल्याविषयी आता काहीही नाही. कृपया आपणही तसेच दोन ओळींत लिहून उलट टपाली पाठवावे, म्हणजे ते पाळकांना दाखवता येईल व ईस्टरपूर्वी विषय संपेल.

आपली नम्र,
नागुबाई


लातूर
३ एप्रिल २०२५

नागुबाई,

तुमचे पत्र वाचून घाबरले. तब्येत बरी आहे ना? एक "हाय" नाही, एक "लई" नाही, टोमणा तर औषधाला नाही. असे पत्र आमची कमिटी पाण्याचा टँकर मागायला नगरपालिकेला पाठवते. कुणाकडून उतरवून घेतले? मनिषाकडून नक्कीच नाही, तिने "काहीही नाही" हे लिहू दिले नसते.

पण ठीक आहे. तुम्हाला भाकरी मोडायची आहे, मला नातू हवा आहे. व्यवहारच करायचा तर नीट करू. कागदावर तुमचे पाळक विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून मीच येते. तेरा तारखेला, झावळ्यांच्या रविवारी. सकाळची एसटी धरून नांदेड, तिथून उमरी. तुमच्या शेडात बसेन, तुमचे पाळक विचारतील, तुम्ही "नाही" म्हणा, मीही "नाही" म्हणते. दोन शब्दांचे काम. मग संध्याकाळी मनिषा आणि बाळ माझ्याबरोबर निघतील. व्यंकटीरावांची भाकरी होईल, माझ्या नातवाचा बाप्तिस्मा होईल. दोघींचा देव खूश.

बसायला खुर्ची ठेवा. गुडघे खाली बसू देत नाहीत.

एस्तेर


उमरी
१४ एप्रिल २०२५

एस्तेरबाई,

आज गावात जयंतीची मिरवणूक हाय, पोस्ट बंद हाय, पत्र उद्याच निघंल. तरी आजच लिहून ठेवते. राग उद्यापत्तर ठेवला तर अजून वाढंल.

काय ठरलं होतं आपलं? मी तुमाला खुर्ची ठेवली. चटई नवी आणली. पोरं शिंदीच्या फांद्या हलवत गाणं म्हणत आली, हलगी वाजली, तुम्ही कानाला पदर लावला तरी मी काही बोलले न्हाई. बाळ तुमच्या मांडीवर दिलं. त्यानं तुमची रेशमी साडी ओली केली तरी तुम्ही हसल्या. मला वाटलं, चला, जमलं.

मग पाळकांनी विचारलं. मी पयल्या झटक्यात म्हणले, "न्हाई, काही न्हाई!" मोठ्यानं म्हणले. व्यंकटी मागं उभे राहून ऐकून राहिले होते, म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हणले.

मग पाळक तुमच्याकडं वळले. तुमाला नुस्तं दोन अक्षरं बोलायची होती. तुम्ही उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं, आन म्हणल्या, "आहे."

भर शेडात! "आहे. मला ह्यांचा राग आहे. नातू चार महिन्यांचा झाला, आज तिसऱ्यांदा मांडीवर घेतलाय. आणि ह्यांनाही माझा आहे, पाळकसाहेब. ह्या खोटं बोलताहेत."

मला भुईत गाडल्यावानी झालं. लातूरहून इतक्या लांब उन्हात आल्या, एसटीचे धक्के खाल्ले, ते माझी बेइज्जती करायला? आन तिथं कुणी तुमाला बोललं बी न्हाई! पाळकांनी भाकरीवर झाकायची दस्ती परत टाकली आन म्हणले, "बाईंना पाणी द्या." ईश्वरप्पाची म्हातारी उठून तुमाला वारा घालायला लागली. मला न्हाई, तुमाला!

मग संध्याकाळी मनिषाची बॅग दारात असताना बाळाचा मुका घेऊन म्हणल्या, "असं नको," आन एकट्या जाऊन गाडीत बसल्या. ठरल्याप्रमाणं नेलं असतं तर मला तुमाला शिव्या तरी देता आल्या असत्या.

तुम्ही गेल्यावर मी पाळकांना गाठलं. म्हणलं, बघितलं का लातूरच्या लोकांचं? ते म्हणले, "नागुबाई, पाहुण्या बाईनं आज उपासना केली. तुम्ही काय केलं?"

सायकल काढली आन गेले.

विहीणबाई, मी खोटंच बोलले. मला तुमाला माफ करायचं न्हवतं, मला भाकरी मोडून घ्यायची होती. नवऱ्यासमोर नाक वर ठेवायचं होतं. देवाच्या ताटासमोर उभी राहून खोटं बोलले, आन ते ताट मीच घासून ठेवलेलं.

जावयांना फोन केलाय. परवा येतेत. मनिषा आन बाळाला पाठवून राहिले. ही माफी न्हवं. बाळ तुमचं बी हाय, एवढंच. गुटी किती उगाळायची ते मनिषाला ठाऊक हाय, तिच्या मधी मधी करू नका.

नागुबाई


लातूर
१७ एप्रिल २०२५

नागुबाई,

बाळ पोचले. तेल चोळून चोळून भज्यासारखे केले आहे. हातातून निसटते. आवाज हलगीसारखा आहे, ही तुमची संगत.

धन्यवाद म्हणणार होते, पण आपल्या दोघींच्या पत्रात तो शब्द ओळखीचा वाटणार नाही.

त्या दिवशी मी "नाही" म्हणायलाच उठले होते, हे तुम्ही खरे माना. इतकी वर्षे उपासनेला जाते, पुस्तिका तोंडपाठ आहे, पण मला असे तोंडावर कुणी विचारले नव्हते. कुणाचं कुणाशी. आमच्याकडे सगळे प्रश्न छापलेले असतात आणि त्यांच्या खाली उत्तरेही. इथे उत्तर छापलेले नव्हते, आणि तुमचे पाळक वाट बघत उभे होते. घाई नव्हती त्या माणसाला. मी खोटे बोलू शकले नाही हा माझा चांगुलपणा समजू नका. जमले नाही, इतकेच.

राग गेला का म्हणाल, तर मोजायला आमच्याकडे थर्मामीटर नाही. कमी आहे. रविवारी बाप्तिस्म्याला या म्हणणार होते, पण तुमच्याकडेही त्याच वेळी व्यंकटीराव पाण्यात उतरणार. तुम्ही तिकडेच असायला हवे.

एस्तेर


उमरी
२१ एप्रिल २०२५

विहीणबाई, सलाम.

काल आमचा सण कसा झाला ते सांगते. व्यंकटींना शेडामागच्या हौदात बुडवलं. हमालाचं अंग, पाळक बारीक, वर काढताना दोघंबी आत जायची पाळी आली. वर आले तेव्हा कानात पाणी गेलं होतं, म्हणले, "आता देव काय बोलला ते ऐकू आलं न्हाई, परत विचारा!" समदे हसले. नवा शर्ट घालून पयल्या चटईवर येऊन बसले. बघा, ज्या माणसाला मी वीस वर्षं दारातून आत ओढत होते, तो पयल्या चटईवर. समोर माझी भाकरी. नव्या शाळूची, पांढरीफेक.

पाळकांनी विचारलं, कुणाचं कुणाशी काही हाय का?

विहीणबाई, मला नुस्तं "न्हाई" म्हणायचं होतं. बाळ पाठवलं होतं, तुमचं पत्र आलं होतं, कोण म्हणलं असतं हाय? पण माझ्या डोळ्यासमोर ती तुमची फळी आली. गीत सत्त्याऐंशी. मी म्हणले, "हाय. थोडं हाय अजून."

शेडात नुस्ता हाय हाय झाला. ईस्टरला बी न्हाई? शिवमूर्ती कपाळाला हात लावून बसला. पाळकांनी दस्ती टाकली. मी व्यंकटीकडं बघायचं टाळलं. म्हणलं, संपलं, आता हा माणूस उठून समोरच्या हाटेलात जाणार, आन परत या दारात पाय ठेवणार न्हाई.

ते उठलेच न्हाईत. बसल्या जागेवरून म्हणले, "पाळकसाहेब, मी इतकी वर्षं ह्या देवळात, त्या दर्ग्यात, जिथं गेलो तिथं नारळ दिला, साखर दिली, समद्यांनी घेतली. माझ्या घरात काय चाललंय, मी बायकोला काय बोलतो, कुणी पुसलं न्हाई. हितं भाकरी अडवून पुसतेत. मला अशीच पायजे. मी थांबतो."

मला रडू आलं. भर सणाच्या दिवशी, भाकरी झाकलेली, आन मी रडून राहिले. त्यांनी घरी येताना त्याच न मोडलेल्या भाकरीकडं बोट दाखवून म्हणलं, "बघ, वाया घालू नको, पुढल्या रविवारी ताजी कर."

बाळाचा झगा नीट बसला का? तिकडं केक कसा होता?

तुमची नागुबाई


लातूर
२३ एप्रिल २०२५

नागुबाई,

केक ठीक होता. झगा आखूड झाला, तुमच्या गुटीमुळे. नाव योएल ठेवले. डोक्यावर पाणी पडताच असा ओरडला की वाद्यवाल्याने सूर सोडला.

पुढचे ऐका. बाप्तिस्म्यानंतर प्रभुभोजन होते. मी रांगेत उभी राहिले. कठड्यापाशी गेले, या गुडघ्यांवर टेकले. पाळक थाळी घेऊन माझ्यापाशी आले आणि मला तुमचा चेहरा दिसला. देवदूत वगैरे दिसला असता तर मानाने सांगितले असते. दिसलात तुम्ही, मोरपंखी साडीत, अनवाणी. मला तो घास घेता येईना. उठले आणि सगळ्या बाकांमधून परत जागेवर आले. लांब आहे हो तो रस्ता. तुम्हाला त्या दिवशी किती लांब वाटला असेल ते मला रविवारी कळले.

शमुवेल मास्तर धावत आले. "सिस्टर, बरं वाटत नाही का?" मी म्हटले, "मास्तर, मी बरी आहे. तुम्ही जाऊन थोमासरावांशी बोला." ते असे पांढरे पडले की मीच त्यांना पाणी दिले. कमिटीने मला खुलासा मागितला आहे. उपासनेत अडथळा आणला म्हणे. मनिषा खुलासा लिहायला मदत करते आहे आणि दर ओळीला हसते आहे. ह्या घरात तिला असे हसताना मी पहिल्यांदा ऐकले.

नागुबाई, मी त्या दिवशी तुमच्यासाठी तोंड उघडायला हवे होते. मला लाज वाटली होती, तुमच्या उघड्या पायांची. माफ करा. यात मीठ नाही, मी चाखून पाहिले.

रविवारी मी येते, मनिषा, प्रीतम आणि योएलला घेऊन. पाळकांनी विचारले की माझे उत्तर "नाही" आहे. तुमचे अजून "हाय" असेल तर खुशाल तसेच म्हणा, माझ्यासाठी खोटे बोलू नका. मी खुर्ची सोडून व्यंकटीरावांच्या शेजारी चटईवर बसेन आणि त्यांच्याबरोबर थांबेन. फक्त उठवताना दोन माणसे लागतील, तेवढी ठेवा. आणि उपासना झाली की घरी नेऊन काहीतरी खायला घाला. देव थांबायला तयार आहे, पण मला साखरेची गोळी असते.

तुमची विहीण,
एस्तेर